घडीच्या स्कूटरवरची पिवळी रेघ

पहाटे कंपनीच्या बसमध्ये मला जी झोप लागते, तशी घरच्या गादीवर आजवर कधी लागलेली नाही. कुरुळी फाट्यावर चढलं की डावीकडची चौथी खिडकी माझी. ओढणी नाकापर्यंत घ्यायची आणि काचेला डोकं टेकायचं. मग बाहेरच्या कंटेनरची घरघर, पुढच्या सीटवरच्या दोघींची कुजबुज, ड्रायव्हरच्या रेडिओवरचं भक्तिगीत, सगळं एकमेकांत विरघळत जातं. तेवढा पाऊण तास मी घरचीही नसते आणि कंपनीचीही नसते. बाजाराच्या दिवशी कांद्याचा उग्र वास नाकात शिरला की डोळे न उघडताच कळतं, चाकण आलं.

दोन वर्षांपूर्वी त्या झोपेत मला एक स्वप्न पडायला लागलं. मी नुसती उभी आहे आणि जमीन पायाखालून मागे सरकते आहे. पाऊल उचलायचं नाही, गुडघा वाकवायचा नाही. झाडं, विजेचे खांब, कंपन्यांच्या भिंती आपापल्या मागे निघून जातात. हे स्वप्न कुठून आलं ते मला ठाऊक होतं. लहानपणी आमच्या बीडकडच्या रानात वडील वखर हाकायचे, तेव्हा पातं मातीत खोल जावं म्हणून मला वखरावर उभी करायचे. मी त्यांच्या धोतराला धरून उभी राहायची आणि काळी माती सळसळत मागे जायची. माझं वजन ते केवढं! पण वडील म्हणायचे, तू उभी राहिलीस की वखर सरळ चालतं. मला ते खरं वाटायचं, आणि खरं सांगायचं तर अजून वाटतं.

स्वप्न पडायला लागलं त्याच सुमारास माझा उजवा गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, "झिजलाय, जपून वापरा." बावीस वर्षं सुट्या भागांच्या कंपनीत उभ्यानं काम केल्यावर गुडघा झिजणार नाही तर काय वाढणार? खोलीपासून फाट्यापर्यंत दीड किलोमीटर, आणि बसमधून उतरल्यावर गेटपासून आमच्या शॉपपर्यंत, म्हणजे कामाच्या शेडपर्यंत, आणखी एक. पहाटे त्या वेळेला गल्लीत रिक्षा नसते, आणि असली तर सगळ्या सीट भरेपर्यंत रिक्षावाला जागचा हलत नाही.

मी फायनल इन्स्पेक्शनला आहे. काम सांगायला सोपं आहे. आधीच्या स्टेशनवरचा माणूस पान्यानं बोल्ट आवळतो. मी तो पाना लावून तपासते आणि पिवळ्या पेंटच्या पेननं बोल्टच्या डोक्यावरून खालच्या पत्र्यापर्यंत एक सरळ रेघ मारते. पुढं कधी बोल्ट सैल होऊन फिरला तर रेघ तुटलेली दिसते. नियम एकच, तपासल्याशिवाय रेघ मारायची नाही. नवीन पोरी घाईत आधी रेघ मारून मोकळ्या होतात. अशा कितीजणींना मी रडवलं असेल! "रेघ म्हणजे कुंकू नव्हे, दिसलं कपाळ की लावलं," हे माझं ठरलेलं वाक्य. चूक झालीच तर डोक्यावरून गेलेली दोरी ओढायची. दोरी ओढली की लहान मुलांच्या खेळण्यातल्यासारखी एक धून वाजते आणि अख्खी लाईन थांबते. चूक दुसऱ्याची असली तरी ओढायची आणि स्वतःची असली तर आधी ओढायची, हेही मीच सगळ्यांना शिकवते.

एवढी वर्षं हे केल्यावर पेन घरी आलं नसतं तरच नवल. आमच्या खोलीत कुकरच्या दांड्याला, पंख्याच्या नटांना, पलंगाच्या पायांना पिवळ्या रेघा आहेत. "आता माझ्या बी कपाळावर एक मार, म्हंजी डोकं फिरलं की कळंल तुला," असं आमचे हे म्हणायचे.

आमचे हे, म्हणजे माझे यजमान, ब्रेकच्या कंपनीत होते. आयुष्यभर पाना चालवला. आम्ही एका कंपनीत कधीच नव्हतो, पण सकाळी हे मला मोटरसायकलवरून फाट्यावर सोडायचे आणि मग आपल्या कामाला जायचे. उतरल्यावर मी म्हणायची, "येते." हे म्हणायचे, "ये." त्यापुढं त्या वेळेला आमच्यात बोलण्यासारखं काही नसायचं आणि लागायचंही नाही. मग यांची कंपनी दुसऱ्या राज्यात गेली, आणि पाठोपाठ साखरेनं डोळे धरले. समोर माणूस आहे एवढं दिसतं, कोण आहे ते दिसत नाही, असं झालं. मोटरसायकल गेली आणि मी पायी जायला लागले. दारातून "येते" म्हणायची तेव्हा हे भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. जागे असायचे, मला कळायचं. उत्तर मात्र यायचं नाही.

गुडघ्याचं निमित्त झालं आणि यांनी धोशाच लावला. "कशाला जायलीस? पोरगी तिच्या घरी सुखात हाय. आपलं दोघांचं भागतंय. बस की आता घरी."

भागत होतं हे खरं. पण मला घरी बसायचं नव्हतं. मला माझी खिडकी हवी होती, तो पाऊण तास हवा होता, आणि माझ्या रेघेवर विश्वास टाकून पुढचा माणूस काम करतो, ही गोष्ट हवी होती. निवृत्तीला चार वर्षं उरली होती आणि ती चारही मला पाहिजे होती. कुणी हावरट म्हणालं तर म्हणू दे.

थंडीतल्या एका सकाळी चाकणच्या चौकात बस अडकली होती. नेहमीप्रमाणे मी अर्धवट झोपेत. काचेवरचं बाष्प ओढणीनं पुसलं तर धुक्यातून एक मुलगी येत होती. पाय हलत नव्हते. सरळ उभी होती आणि रस्ता तिच्याखालून मागे सरकत होता. माझं स्वप्न मला न विचारताच दुसरी कुणीतरी चालवत होती! मग ती एका बसपाशी थांबली, वाकली, एक खटका दाबला. उभी दांडी आडवी झाली, आणि छत्री मिटून घ्यावी तशी ती गाडी हातात घेऊन मुलगी बसमध्ये चढली. मी एवढी ताठ बसले की शेजारणीनं विचारलं, काय गं, बरं वाटत नाही का.

घरी येऊन यांना सांगितलं. घडीची इलेक्ट्रिक स्कूटर असते, उभ्यानं चालवायची, बसमध्ये घेऊन चढायची, गेटपासून आत पुन्हा तिच्यावरून जायचं. गुडघ्याला काम नाही. यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी सोडायचो तवा कधी पडलीस का?"

"नाही."

"मग ऐक. घे गाडी. पण एकदा जरी पडलीस, तर गाडी बंद अन् नोकरी बी बंद. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं. तेव्हा मला ती मुलगी दिसत होती, दुसरं काही दिसत नव्हतं.

आता प्रश्न बसच्या ड्रायव्हरचा होता. ड्रायव्हर इथलाच, जुन्या शेतकरी घरातला, तोंडानं फटकळ. म्हणाला, "ताई, गाडी आत घ्यायला माझं काय न्हाई. पन मी फाट्यावर थांबतो एक मिनिट. मागनं धा बशी येत्यात. तुमी ती उचलून चढनार कशा, ते आधी करून दाखवा."

गाडी घेतल्याशिवाय उचलून दाखवणार कशी, आणि उचलता येईल की नाही हे कळल्याशिवाय घेणार कशी? हा गुंता आमच्या घरमालकिणीनं सोडवला. कुरुळीतलं जुनं घर तिचं. जमीन कंपन्यांत गेली तरी उरलेल्या तुकड्यात कांदा लावल्याशिवाय तिला करमत नाही. म्हणाली, "आगं, मग कांदं घे की! जेवढी गाडी जड, तेवढं कांदं." आणि तिनं खळ्याच्या कडेच्या लिंबाला ताणकाटा अडकवून त्याला पिशवी लावलीसुद्धा.

पहिल्या दिवशी बारा किलो. मालकिणीच्या पुतण्याच्या टेम्पोतून पिशवी फाट्यापर्यंत आली, तिथून पुढं मी. बसच्या तीन पायऱ्या चढून गेले, पिशवी मागच्या सीटखाली ढकलली, काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी चौदा. मधल्या पायरीवर एक श्वास घ्यावा लागला, पण चढले. तिसऱ्या दिवशी सोळा, आणि तिसऱ्या दिवशी मी पायरीवर अन् पिशवी रस्त्यावर. बंद फाटला आणि कांदे बसखाली घरंगळले. बसमधल्या सगळ्या बायका खाली उतरून कांदे वेचायला लागल्या. कुणी ओढणीत भरले, कुणी डब्याच्या पिशवीत. मागून हॉर्नवर हॉर्न. ड्रायव्हर स्टिअरिंगवर हात आपटत होता, पण हसत होता. "चौदा!" तो ओरडला. "त्याच्या वर एक कांदा बी न्हाई!" त्या दिवशी बस पहिल्यांदा उशिरा पोचली आणि आमच्या लाईनवरच्या निम्म्या पोरींच्या घरी फुकटात कांदाभजी झाली.

अशा रीतीनं माझ्या गाडीचं वजन ठरलं. मागच्या सीटखालची उंची मी टेपनं मोजली होती. हे दोन आकडे घेऊन आम्ही पिंपरीतल्या एका दुकानात गेलो. हे सोबत आले. मी म्हटलं नव्हतं, तेच चप्पल घालून उभे राहिले.

दुकानदार गाडी किती वेगानं जाते, एका चार्जिंगमध्ये किती चालते ते सांगत होता. मी विचारत होते, वजन किती आणि मिटल्यावर उंची किती. त्याला अशी गिऱ्हाईकं नवीन असावीत. पहिली गाडी त्यानं हौसेनं दाखवली. तिला बसायला सीट होती. बसले तर राणीसारखं वाटलं, पण वजन विचारलं आणि राज्य सोडून खाली उतरले. दुसरी फुलासारखी हलकी, एका हातात यायची. चाकं मात्र टणक आणि वाटीएवढी. दुकानाच्या फरशीवर छान पळाली, पण आमच्या सर्व्हिस रोडवर तिनं माझ्या कवळीसकट दात पाडले असते, आणि मला कवळी अजून बसवायची आहे. तिसरीला हवेची चाकं होती, वजन चौदाच्या आत. खटका दाबला, दांडी आडवी केली, मागच्या आकड्यात अडकवली की झाली घडी. मी दुकानातच चारदा उघडली-मिटली.

यांनी तोपर्यंत तिन्ही गाड्या हातानं पाहिल्या होत्या. तिसरीशी आले, दांडीवरून खालपर्यंत हात फिरवला, जिथं ती दुमडते त्या सांध्यापाशी थांबले. हँडल धरून पुढं-मागं हलवलं. पुन्हा हलवलं. काही बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात दुकानदार म्हणाला, "काका, सगळं टाइट करून, चेक करूनच देतो आम्ही." आणि मी घाईनं म्हटलं, "देतात हो ते करून. चला, हीच." यांनी तोंड मिटलं. मला ते दिसलं होतं. पण मला त्या वेळेला गाडी हवी होती.

घरी आणल्यावर मालकीण हळदकुंकवाचं ताट घेऊन खळ्यात उभी. तिला प्रश्न पडला होता की गाडी मिटलेली पुजायची का उघडलेली. "मिटल्याली पुजली तर मिटूनच ऱ्हायची," असा तिनंच निकाल दिला. चाकाखाली लिंबू ठेवलं, गाडी पुढं ढकलली, तर लिंबू फुटायच्या ऐवजी सटकून टेम्पोखाली गेलं. आम्ही दोघी पोट धरून हसलो. हे दारात उभे राहून आवाजाच्या दिशेनं बघत होते. मालकिणीनं हँडलला कुंकू लावलं, आणि मीही भरात येऊन खिशातलं पेन काढलं. चाकांच्या, पायफळीच्या, सांध्याच्या, सगळ्या बोल्टवर एकेक पिवळी रेघ ओढली. सुबक, सरळ. गाडी माझी झाली असं मला त्या रेघांनी वाटलं. पाने, सूचनांचा कागद वगैरे खोक्यातच होतं. ते खोकं मी पलंगाखाली सरकवून दिलं.

त्यानंतरचे दीड-दोन महिने मी जमिनीला पाय लावून कामाला गेले असं मला आठवत नाही. चार दिवस खळ्यातल्या सिमेंटवर गोल गोल फिरून शिकले. पाचव्या दिवशी रस्त्यावर. पहाटे गल्लीत कुणी नसायचं. गोठ्यातल्या म्हशींचा वास, एखाद्या चाळीत लागलेला नळ, कुणाच्या तरी कुकरची पहिली शिट्टी, आणि त्या सगळ्याच्या मधून मी उभी. नदीकडून धुकं यायचं आणि गुडघ्याइतकं रस्त्यावर पसरून राहायचं. त्यात माझी गाडी दिसायचीच नाही. मी धुक्यावर उभी राहून चालले आहे असं समोरच्याला वाटत असणार. एकदा देवळातून येणाऱ्या एका आजोबांनी मला बघून हात जोडले. मी पण उलट नमस्कार केला, काय करणार! वडील असते तर म्हणाले असते, बघ, तू उभी राहिलीस की कसं सरळ चालतं.

फाट्यावर घडी, पायऱ्यांवर एक श्वास, मग खिडकी. बसमधल्या बायका म्हणायच्या, तू अलीकडे झोपत नाहीस. खरंच होतं. स्वप्न आता रस्त्यावरच पडत होतं, बसमध्ये झोपून करू काय?

एकच गोष्ट तशीच होती. मी दारातून "येते" म्हणायची आणि मागून काही यायचं नाही.

पडले तो दिवस अगदी साधा होता. फाट्याजवळ सर्व्हिस रोड खणून ठेवलेला, त्यावर बारीक खडी. मी नेहमीसारखी हळू आले. समोर बस उभी दिसत होती. खडीवर चाक गेलं आणि हँडल माझ्या हातात थरथरलं. मी घट्ट धरलं तर ते आणखी लटपटलं, आणि पुढच्या क्षणी मी उजव्या कुशीवर खडीत. चहाच्या टपरीवरची माणसं धावली. ड्रायव्हर बसमधून उडी मारून आला, मला उठवलं, गाडी उचलली. "ताई, तुमची काय चूक न्हाई. रस्ताच तसला हाय!" सगळ्यांचं तेच म्हणणं. रस्ता, खडी, खणून ठेवणारा ठेकेदार. कोपर सोललं होतं, तळहातात दोन खडे रुतले होते. गुडघ्याला नवल वाटावं इतकं काही झालं नव्हतं.

बसमध्ये शेजारणीनं कोपराला हळद लावून रुमाल बांधला. मी गाडी सीटखाली न टाकता पायांत धरून बसले. काहीतरी बघायचं म्हणून सांध्याकडे बघितलं. माझी पिवळी रेघ जशीच्या तशी, सरळ, न तुटलेली. मग रस्ताच असणार, असं मनाशी म्हणत मी दांडी पकडून हलवली. टुक. पुन्हा हलवली. टुक. बोटाला लागेल न लागेल अशी हालचाल होती. आमच्या भाषेत त्याला 'प्ले' म्हणतात, आणि तो असलेला एकही भाग मी बावीस वर्षांत पुढं जाऊ दिलेला नाही.

सगळं ध्यानात यायला चाकण यावं लागलं नाही. नट लॉकचा होता, जिथं सोडला तिथंच धरून राहणारा, म्हणून फिरला नव्हता आणि रेघ तुटली नव्हती. पण तो पुरता आवळलेला कधीच नव्हता. मी सैल बोल्टवर रेघ मारली होती. खळ्यात, कुंकवाच्या ताटाशेजारी उभी राहून, पान्याला हात न लावता. दिसलं कपाळ की लावलं!

मला इतकी लाज वाटली की डोळ्यांत पाणी आलं. शेजारणीला वाटलं कोपर दुखतंय.

आठ तास मी लाईनवर रेघा मारल्या. प्रत्येक बोल्ट दोनदा तपासला. आणि डोक्यात एकच विचार फिरत होता. यांना दिसत नाही. फुल बाह्यांचा शर्ट आहे. कोपर झाकलं, हसून बोलले, तर यांना कधीच कळणार नाही. सांधा आवळून घेईन, पुन्हा पडणार नाही, आणि माझी चार वर्षं माझ्याकडे राहतील. कळलंच तर रस्ता आहेच, सगळी बस साक्षीला आहे. मी पडले हे सांगितलं तर कबूल केल्याप्रमाणे सगळं बंद, आणि ते कबूल मीच केलेलं.

दुपारी पाळी सुटली. परत येताना फाट्यापासून मी गाडी ढकलत आणली. घरी आले तेव्हा हे दाराशी खुर्ची टाकून बसले होते. ऊन त्यांच्या पायांवर आलं होतं. म्हणाले, "आज चाकाचा आवाज आला, पर तुझ्या चपलांचा बी आला. चालत आलीस?"

मी बाही खाली ओढली. "चार्जिंग संपलं" हे शब्द जिभेवर तयार होते. आणि कुठून कोण जाणे, मला ती लाईन थांबल्याची धून ऐकू यायला लागली. खेळण्यातल्यासारखी, तीच तीच. आपली चूक असली तर आधी ओढायची.

"मी पडले," मी म्हटलं. "रस्ता खराब आहे, पण रस्त्यानं नाही पडले. सांध्याचा बोल्ट सैल होता. मी न तपासता रेघ मारली होती. पहिल्या दिवसापासून."

मी कोपर त्यांच्या हाताखाली नेलं. यांनी रुमालाच्या कडेनं बोटं फिरवली, सुजेचा अंदाज घेतला आणि हात बाजूला केला.

"दुकानातच लागलं होतं ते माझ्या हाताला," हे म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"बोलनार होतो." खुर्चीचा हात चाचपत म्हणाले, "म्हटलं, मला दिसंना गेलंय. दुकानदाराला दिसतंय, तुला दिसतंय. आंधळ्यानं कशाला मधी बोलावं?"

मला काय वाटलं ते सांगते. मला माझ्या पडण्यापेक्षा त्या वाक्यानं जास्त लागलं. यांचं तोंड उघडलेलं मी पाहिलं होतं आणि घाईनं मीच ते मिटवलं होतं. इतके दिवस मी समजत होते की यांना माझी गाडी नको आहे. मला सोडायला येणं हे यांचं काम होतं, आणि ते गेल्यावर यांच्याजवळ सकाळी उठायचं कारण उरलं नव्हतं, हे एवढं साधं गणित मला, सगळं तपासून बघणाऱ्या बाईला, दिसलं नव्हतं.

"चुकले मी," मी म्हटलं. "दोन्ही ठिकाणी."

हे उठले. भिंतीला हात लावत आत गेले आणि पलंगाखालचं खोकं पायानं चाचपून ओढलं. त्यातून पान्याची पुडी काढली, हातावर तोलली, आणि नाक मुरडलं. "हे का पाने?" मग आपली जुनी पेटी काढली. ब्रेकच्या कंपनीतली सवय, प्रत्येक पाना फडक्यात गुंडाळलेला. गाडी दाराशी उन्हात घेतली, सांध्यावर अंगठा ठेवला, दुसऱ्या हातानं हँडल हलवलं. डोळे मिटले होते. डोळ्यांचा तसाही उपयोग नव्हता, पण पूर्वी कंपनीतसुद्धा हे असंच करत असणार असं मला वाटलं. पाना बसवला. दोन आटे. थोडं थांबून आणखी अर्धा.

"हात लाव."

मी दांडी हलवली. टुक नाही. काहीच नाही. पुतळ्यासारखी गच्च.

मग यांनी चाकांचे, पायफळीचे, सगळे बोल्ट एकेक करून पाहिले. आणखी एक सैल निघाला. शेवटी हात पुसत म्हणाले, "मार आता तुझी रेघ."

मी जुनी रेघ खरवडून काढली. पेन उघडलं. आणि मग पेन ओठांत धरून यांच्या हातातून पाना घेतला, बोल्टला लावून पाहिला. हलला नाही.

"माझ्यावर विश्वास न्हाई व्हय?"

"लाईनवर नवरा-बिवरा कुणी नसतो," मी म्हटलं. "तपासल्याशिवाय रेघ नाही."

हे हसले. कंपनी गेल्यापासून असा आवाज काढून हसलेले मी ऐकले नव्हते. मालकीण खळ्यातून डोकावून गेली, काय झालं बघायला. नोकरी बंद करायचं बोलणं त्या संध्याकाळी निघालं नाही. मीही काढलं नाही. कोपरावर शेक घेत मी वाट बघत बसले आणि तशीच झोपले.

पहाटे नेहमीच्या वेळेला जाग आली तर शेजारची गादी रिकामी. दार उघडं होतं. बाहेर हे स्वेटर घालून, कानाला मफलर बांधून उभे होते, गाडी समोर उघडलेली. सांध्यावर अंगठा, दुसरा हात हँडलवर. डोळे मिटलेले. मी डबा घेतला, बूट घातले, बाहेर आले. यांनी हँडल माझ्या हातात दिलं. मी पायफळीवर उभी राहिले. गल्लीत धुकं होतंच.

"येते," मी म्हटलं.

यांनी हँडल आणखी एकदा पुढं-मागं हलवून पाहिलं.

"ये," म्हणाले.